काचेत उतरलेली चांदी

युरोपातील जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या काचचित्रांत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. तेराव्या शतकापर्यंतच्या चित्रांत संताचा चेहरा एका काचेचा, त्याभोवतीची पिवळी प्रभावळ दुसऱ्या काचेची, आणि दोहोंमध्ये शिशाची काळी पट्टी असते. काच वितळलेली असतानाच तिच्यात रंग मिसळला जाई. म्हणून जितके रंग तितके तुकडे. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र चेहरा पांढरा आणि केस, मुकुट व प्रभावळ सोनेरी, हे सारे एकाच अखंड काचेवर दिसू लागते. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील ल मेस्निल-विल्मान येथील 1313 सालचे काचचित्र हे याचे बहुपरिचित आरंभीचे उदाहरण होय.

हे सोनेरी तेज सोन्याचे नाही, चांदीचे आहे. आणि खरे म्हणजे तो लावलेला रंगही नाही. कारागीर चांदीचे संयुग मातीत कालवून त्याचा लेप काचेला, बहुधा मागच्या बाजूने, देत असे आणि काच भट्टीत सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवीत असे. थंड झाल्यावर माती पुसून टाकायची. खाली पिवळा रंग उमटलेला असे.

भट्टीत काय घडते ते पाहू. काचेचा सांगाडा वाळूतील सिलिकाचा असतो. त्याच्या पोकळ्यांत सोडिअम किंवा पोटॅशिअमचे विद्युत्‌भारित अणू, म्हणजे आयन, सैलसर बसलेले असतात. उष्णतेने ते हलू लागतात. चांदीच्या आयनावरही तेवढाच, एकच धन भार असतो. त्यामुळे एक सोडिअम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी एक चांदी आत शिरते. काच वितळत नाही, तिचा आकारही बिघडत नाही. फक्त रहिवासी बदलतात. यालाच आयन-विनिमय म्हणतात. (आपल्या मोबाइलच्या पडद्याची काच कणखर करण्यासाठी हीच क्रिया वापरतात, तेथे सोडिअमच्या जागी मोठा पोटॅशिअम बसवला जातो.)

एवढ्याने मात्र पिवळा रंग येत नाही. आत शिरलेल्या चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळावा लागतो. तो काचेतील लोहासारख्या अशुद्ध द्रव्यांकडून मिळू शकतो. मग आयनाचा धातूचा अणू होतो, असे अणू एकत्र येतात आणि काही नॅनोमीटरचे कण तयार होतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. इतक्या लहान कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर झुलतात आणि जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. धातूच्या सूक्ष्मकणांना रंग का येतो याचे गणित 1908 साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी मांडले. तोवर कारागीर सहाशे वर्षे हे काम बिनचूक करीत आले होते. भट्टीची आच आणि वेळ बदलून ते लिंबासारख्या फिकट रंगापासून गडद नारिंगीपर्यंत छटा मिळवीत. निळ्या काचेवर हाच लेप दिला की हिरवळ उगवे!

या कलेचा शोध धन्यवादित उल्मचे जेम्स यांनी लावला, असे भक्तिभावाने सांगितले जाते. जर्मनीत 1407 साली जन्मलेले जेम्स प्रथम सैनिक होते. पुढे ते इटलीतील बोलोन्या येथे डॉमिनिकन धर्मबंधू झाले आणि काचचित्रे घडवू लागले. त्यांच्या बाहीचे चांदीचे बटण भट्टीतील काचेवर पडले व तिला पिवळा डाग पडला, अशी कथा आहे. कथा गोड आहे; परंतु नॉर्मंडीतील ते काचचित्र त्यांच्या जन्मापूर्वी 94 वर्षे तयार झाले होते. त्याहीपूर्वी, आठव्या शतकात, इजिप्तमधील मुस्लिम कारागीर काचेच्या भांड्यांवर चांदीने नक्षी काढीत होते. ते श्रेय त्यांना द्यायला आम्हाला मुळीच संकोच वाटत नाही. जेम्स यांना 1825 साली पोप लिओ बारावे यांनी धन्यवादितांत मान्यता दिली, ती काही बटणासाठी नव्हे. भट्टीत काच ऐन रंगात असताना वरिष्ठांनी भिक्षेसाठी जाण्यास सांगितले, तेव्हा काम तसेच टाकून ते निघाले, ही त्यांची दुसरी आठवण आम्हाला अधिक जवळची वाटते. परतल्यावर काच उत्तम भाजली गेलेली आढळली, असे चरित्रकार सांगतात.

आज प्रयोगशाळांत काच वितळलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवतात, नंतर तिला उष्णता देऊन किंवा लेझरचा मारा करून हवे तेथे चांदीचे कण घडवतात. प्रकाशाला वाट दाखवणारे सूक्ष्म मार्गही याच विनिमयाने काचेत आखले जातात. गेरूसारख्या मातीचा लेप मात्र काचचित्रांच्या कार्यशाळांत अजूनही कालवला जातो.