हात बांधून दिले असते तर

माउली, आपल्या लोहारा तालुक्यात सास्तूरला कीर्तनाला उभं राहिलं की एक प्रश्न अजून येतो. 1993 साली अनंत चतुर्दशीला लोकांनी गणपती बोळवला, दमूनभागून झोपले, अन् 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. देव दयाळू, देव सर्वसमर्थ. मग नाम घेणाऱ्यालाच का गाडलं?

शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. ब्रह्मसूत्रांत देवावरचे दोन आक्षेप घेतलेत: वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टांत दिला. पाऊस सगळ्या रानावर सारखाच, पीक ज्याच्या त्याच्या बियाण्यासारखं. बी म्हणजे आपलं कर्म. सिद्धांत खराच. पण लेकरू गेलेल्या आईला तो सांगू नका हो! तरुणपणी मी एकदा सांगितला. ती माय काही बोलली नाही, उठून गेली.

मग माणसाच्या हातात काय? धरणी नव्हती. पण दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, हे माणसानंच रचलेलं. माणसं चेंगरली ती त्याखाली. त्या दिवसांत ढिगारा उपसणारे हात होते, अन् मढ्याच्या अंगावरचं सोनं काढणारेही होते, बरं का. हात दोघांनाही देवानंच दिले. बांधून दिले असते तर चोरी झाली नसती, उपसणंही झालं नसतं.

एवढ्यानं त्या मायचा हिशेब मिटतो, असं मी म्हणत नाही.