जुन्या कॉम्प्युटरवर खेळ सुरळीत कसा चालावा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी आम्हांकडे आला. घरांत कॉम्प्युटर एकच, तोही वडील बंधूनें 2017 सालीं घेतलेला. 'व्हॅलरंट' हा खेळ सुरू केला कीं पहिलीं दहा मिनिटें ठीक जातात, मग चित्र अडखळूं लागतें, अशी त्याची तक्रार होती. दुकानदारानें यंत्र मोडींत काढण्याचा सल्ला दिला होता. वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत पाळीनें काम करणारे. तेव्हां नव्या यंत्राची गोष्ट घरीं काढावी कीं नाहीं, हें त्यास विचारावयाचें होतें. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणारा मनुष्य लूककृत शुभवर्तमानांत आहे. आम्हीं प्रथम त्याच्यासारखें बसावयाचें ठरविलें.

खेळांतील हालचाल म्हणजे एकामागून एक झरझर दाखविलेलीं स्थिर चित्रें होत. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सेकंदाचा साठावा भागच मिळतो. तेवढ्यांत प्रोसेसरनें खेळाचा हिशेब करावा व ग्राफिक्स कार्डानें चित्र काढावें. दोहोंपैकीं जो मंद, त्याचीच गति साऱ्या यंत्राची गति. कर्जत मार्गावर पुढें मालगाडी असली म्हणजे मागच्या लोकलचें इंजिन कितीही जोरदार असो, त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं.

मग 'पहिलीं दहा मिनिटें' ठीक कां? यंत्र तेवढ्या वेळांत तापतें म्हणून. प्रोसेसरची उष्णता शंभर अंशांच्या आसपास गेली कीं जळून जाऊं नये म्हणून तो आपली गति आपणच कमी करितो. आमच्या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो. धूळ बारमाही, आणि पावसाळ्यांतील दमटपणानें ती पंख्याच्या पात्यांवर व धातूच्या पन्ह्यांत चिकटून बसते. आम्हीं कॅबिनेट उघडलें तेव्हां प्रोसेसरवरील पन्हे धुळीनें अगदीं लिंपलेले होते.

वीज बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, आणि मऊ ब्रश व ब्लोअरनें धूळ उडवावी. पंखा बोटानें धरून ठेवावा, नाहींतर वाऱ्यानें भरधाव फिरून बिघडतो. घरांतील व्हॅक्यूम क्लीनर आंत घालूं नये. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. एवढ्यानेंच त्या मुलाच्या यंत्राचें अडखळणें बरेंचसें थांबलें.

यानंतरही गति कमी वाटल्यास एक फुकटची परीक्षा आहे, आणि ती केल्यावांचून कोणीही पैसे खर्चूं नयेत. पडद्याचें रिझोल्यूशन 1920 बाय 1080 असतें तेव्हां दर चित्रांत 20,73,600 ठिपके रंगवावे लागतात. 1280 बाय 720 केल्यास 9,21,600, म्हणजे निम्म्याहूनही कमी. असें केल्यावर चित्रांची संख्या वाढली, तर अडचण ग्राफिक्सची. न वाढली, तर प्रोसेसर मागें पडत आहे. अशा वेळीं महागडें कार्ड घेणें व्यर्थ होय. कार्ड घेणारानें पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे हेंही आधीं पाहावें.

त्या यंत्रांत निराळें कार्ड नव्हतें, व आठ जी.बी. रॅमची एकच पट्टी होती. अशा यंत्रांत चित्र काढणारा भागही तीच रॅम वापरतो. डी.डी.आर. 4 जातीची 2400 ची एक पट्टी सेकंदास 19.2 जी.बी. माहिती वाहते, योग्य खांचेंत जोडीची दुसरी बसविल्यास वाट दुप्पट रुंद होते. परंतु 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, म्हणून आम्हीं त्यास लॅमिंग्टन रोडवर जुनी पट्टी पाहण्यास सांगितलें. डी.डी.आर. 3 ची पट्टी डी.डी.आर. 4 च्या खांचेंत बसत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

एस.एस.डी. घेतल्यानें खेळ लवकर उघडतो, चित्रांची संख्या मात्र सहसा वाढत नाहीं. विकणारे या दोन गोष्टी एकच म्हणून सांगतात. 'गेम बूस्टर' म्हणविणारे प्रोग्रॅम बहुधा मागें चाललेले इतर प्रोग्रॅम बंद करितात, जें आपणांसही करितां येतें.

एक मर्यादा मात्र आम्हीं त्यापासून लपविली नाहीं. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला, आणि इतकीं जुनीं यंत्रें बहुधा विंडोज 11 च्या अटींत बसत नाहींत. विंडोज 11 वर हा खेळ टी.पी.एम. 2.0 व सिक्युअर बूट यांवांचून चालत नाहीं. तेव्हां आणखी पैसे या यंत्रांत घालणें कितपत शहाणपणाचें, हें त्यानें ठरवावयाचें होतें. त्यानें दादरास गाडी बदलून ग्रँट रोड गांठलें, एक जुनी पट्टी तेवढी आणली, आणि नव्या यंत्राची गोष्ट घरीं काढली नाहीं.