परदेशचे दार आणि दोन कागद

कोकणातल्या कित्येक घरांत दुबईत आत्ता किती वाजले हे म्हाताऱ्या आईलाही ठाऊक असते. मुलगा तिकडे, आईबाप इकडे. तिकडे जाऊ पाहणारा असाच एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे कागद घेऊन आला. म्हणाला, "सर, दुबईचा व्हिसा आला. एजंटाला पैसे द्यायचे तेवढे राहिलेत. जरा वाचून सांगा." मी वाचला. व्हिसा भेटीचा होता, नोकरीचा नव्हता. "तिथं गेल्यावर बदलून देतो म्हणालाय," तो म्हणाला.

या एका वाक्यावर विसंबून पुष्कळांनी जमीन गहाण टाकली आहे. म्हणून हे कागद आज नीट समजून घेऊ.

पहिला कागद पासपोर्ट, म्हणजे पारपत्र. ते आपले सरकार देते. हा माणूस भारताचा नागरिक आहे, एवढीच ग्वाही त्यात असते. दुसरा कागद व्हिसा. तो ज्या देशात जायचे तो देश देतो. आपल्या पाटलाने ओळखीची चिठ्ठी दिली म्हणून परगावच्या घरात शिरता येते का? घरधन्याने "या" म्हणावे लागते. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. दुबईला सामान्यतः तो आधी काढावा लागतो, आणि पासपोर्टची मुदतही निदान सहा महिने शिल्लक असावी लागते.

पण घरधनी "या" म्हणतो, तेव्हा कशासाठी आणि किती दिवस, हेही सांगतो. भेटीच्या व्हिसावर तिथे काम करणे हा गुन्हा आहे. पगार बुडाला, तर दाद मागायला हाती करार नाही. मुदत उलटली, की रोजचा दंड चढतो.

आता आपल्याकडची बाजू पाहा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर बहुधा 'ई.सी.आर.' अशी अक्षरे असतात. अशा माणसाला आखातातील देश धरून ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचे, तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही कटकट वाटते खरी. पण तिच्यामुळेच करार, पगार आणि विमा तपासला जातो. भेटीच्या व्हिसाने ही तपासणी चुकवता येते. लबाड एजंटाला तो प्रिय का, हे आता ध्यानात आले ना?

एजंटाला परवान्याचा क्रमांक विचारा. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. परवानाधारकाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर, याहून अधिक घेता येत नाही. आणि पावती द्यावीच लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमचाही वाटा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'ई.सी.आर.' शिवायचा पासपोर्ट मिळतो. शाळेच्या दाखल्यात नावाचे एक अक्षर चुकले, जन्मतारीख इकडची तिकडे झाली, तर त्या मुलाला पुढे हेलपाटे पडतात. तेव्हा हजेरीपट भरताना घाई नको, आणि कुणी कागद वाचून मागितला, तर नाही म्हणू नका.

त्या तरुणाने पैसे दिले नाहीत. अजून तो गावातच आहे, आणि भेटला की माझ्याशी जरा घुश्शातच बोलतो. बोलू दे. त्याच्या बापाची जमीन अजून त्याच्या बापाचीच आहे.