परदेशातल्या मित्रासाठी खाऊ नेताना : पिशवीतलं विज्ञान आणि भूगोल



मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्यातली कितीतरी घरं परदेशाच्या तयारीला लागतात. कुणाचा शाळेतला मित्र दुबईला असतो, कुणाची कॉलेजची मैत्रीण सिडनीला. इतक्या वर्षांनी भेट होणार, मग रिकाम्या हातानं कसं जायचं? बाकरवडी, पेढे, अनारसे, मुळशीचा आंबेमोहर... बघता बघता बॅग भरते. पण प्रत्येक पदार्थाला प्रत्येक देशाचं दार उघडं नसतं. का नसतं, हे समजून घेतलं तर मुलांसाठी एक छान पाठच तयार होतो.

१) खसखस : अनारसे आपण खसखशीवर थापतो. बाकरवडीच्या सारणातही अनेक घरी ती घालतात. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. म्हणून संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. छोटी पुडी सापडली तरी अटक होऊ शकते. सिंगापूरमध्येही तिला मनाई आहे. "आमच्याकडे रोजच्या स्वयंपाकात असते हो," हे उत्तर तिथे चालत नाही.

२) पेढे-बर्फी : ऑस्ट्रेलियात भारतातून दुधाची मिठाई नेता येत नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघातले देशही आपल्याकडचे दुग्धजन्य पदार्थ अडवतात. कारण आहे गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग. त्याचा विषाणू दुधातून आणि मांसातून दूरवर जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर हा रोग आलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली साथ आली, तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. आपल्या दृष्टीनं पेढ्यांचा एक पुडा, पण तिथल्या शेतकऱ्यासाठी तो आख्ख्या गोठ्याचा प्रश्न असतो.

३) तांदूळ : अमेरिकेत प्रवाशाला भारतातून तांदूळ नेता येत नाही. भीती असते ती खापरा भुंगेऱ्याची. साठवलेलं धान्य पोखरणारी ही कीड. हिची अळी खायला न मिळताही खूप काळ जिवंत राहते, त्यामुळे एकदा कोठारात शिरली की निघता निघत नाही.

४) सुकं खोबरं : इथे अडचण विमानाचीच आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांत तेल भरपूर असतं आणि ते तापून पेट घेऊ शकतं. म्हणून या वाट्या बॅगेत ठेवू देत नाहीत.

मग न्यायचं तरी काय? पूर्ण भाजलेली बिस्किटं बहुतेक देशांत चालतात. कॅम्पातल्या कयानी बेकरीची (स्थापना १९५५) श्रूजबरी बिस्किटं घ्या ना. श्रूजबरी हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव, म्हणजे हा खाऊ आधीच परदेशवारी करून पुणेकर झालेला! पाकीट मूळचं, बंद आणि घटक पदार्थांची यादी छापलेलं असावं. निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पाहावेत, कारण ते बदलत असतात. आणि उतरल्यावर फॉर्मवर "खाद्यपदार्थ आहेत" असं स्पष्ट लिहावं. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर दंड होतो, ऑस्ट्रेलियात पर्यटकाचा व्हिसाही रद्द होऊ शकतो.

जे नेता येत नाही, ते मित्राच्या घरी मिळून करावं. दूध आणि साखर सिडनीतही मिळते. जुन्या मैत्रिणीशेजारी उभं राहून खवा आटवताना जेवढ्या गप्पा होतील, तेवढ्या आयता पेढा खाताना होणार नाहीत. आणि हो, तिच्या गावात जे पिकतं, जे रांधलं जातं, तेही आवडीनं खावं. "आमच्या पुण्यात यापेक्षा..." हे वाक्य घरीच ठेवून जावं, बरं का!

वर्गासाठी उपक्रम : मुलांना खाऊची रिकामी पाकिटं आणायला सांगा. घटकांची यादी वाचून त्यात दूध, बी आणि धान्य कुठे आहे ते शोधू द्या. प्रत्येक गटाला एक देश द्या आणि विचारा, "हा खाऊ तिथे जाईल का? नसेल तर तो देश कशाला जपतोय?" हा दुसरा प्रश्न नक्की विचारा. नियमामागचं कारण कळलं की मूल तो मनापासून पाळतं.