मऊ पेडल : लक्षणापासून कारणापर्यंत

अनुमानाचा विचार करताना आपण नेहमी धूर आणि अग्नीचं उदाहरण घेतो. आज ते बाजूला ठेवू. इलेक्ट्रिक गाडीचं ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, नेहमीपेक्षा खोल जातंय, असं समजा. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं : "एअर आली असेल, काढून टाकू." असेलही. पण 'असेल' आणि 'आहे' यांत जे अंतर आहे, ते घाटाच्या उतारावर जिवावर बेतू शकतं.

धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. मऊ पेडलचं तसं नाही. लक्षण एक, कारणं अनेक. म्हणून दुसरं लक्षण शोधावं लागतं.

त्याआधी तक्रार नीट मांडू. 'पेडल मऊ आहे' आणि 'गाडी कमी थांबते आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचं काम दोघं वाटून घेतात. एक, मोटर : ती जनित्रासारखी उलटी चालते आणि वेगाची ऊर्जा बॅटरीत परत भरते. दुसरे, नेहमीचे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक. आता समजा, पाचगणीला मुक्काम केला, गाडी रात्रभर लावून शंभर टक्के चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला निघालो. बॅटरी भरलेली, म्हणजे परतलेल्या ऊर्जेला जागा नाही. सोळाशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली आली तर सुमारे अडीच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. मोटरने हात आखडता घेतला, की तिचा मोठा भाग ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन पडतो. आपल्याला वाटतं, ब्रेक कमी लागतोय. पेडल मात्र घट्टच असतं. हा बिघाड नव्हे. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण न भरणं, हा त्यावरचा साधा उपाय.

पेडल खरोखरच मऊ असेल, तर आपण तेलाकडे येतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कलने मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. तत्त्वज्ञ म्हणून आपण ज्याला वाचतो, तोच हा पास्कल, बरं का! या नियमावर ब्रेक चालतात, कारण द्रव जवळजवळ दाबला जात नाही. हवा किंवा वाफ मात्र दाबली जाते. आत तिचा फुगा असेल, तर पायाचा जोर फुगा चेपण्यातच जातो.

आता चाचणी. गाडी सपाट जागी, पार्किंगमध्ये, चाकांना दगड लावून, चालू स्थितीत. पेडल दाबून तीन गोष्टी पाहू.

पहिली : पेडल पहिल्यांदा खोल जातं, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं. वर येऊनही स्प्रिंगसारखं लवत असेल, तर हवेचा संशय बळावतो. वर येऊन टणक होत असेल, तर मागच्या ड्रममधल्या लायनरचं अंतर वाढलं असण्याची शक्यता जास्त.

दुसरी : एकसारखा जोर देऊन अर्धा मिनिट धरलं, तर पेडल हळूहळू खाली बसतं. म्हणजे दाब कुठेतरी निसटतोय. टाकीतलं तेल कमी झालं असेल, तर बाहेर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधावी. तेल तेवढंच असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर दाब धरत नाही. अशी गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी.

तिसरी : थंड असताना सगळं ठीक, लांब उतारानंतर मऊ. इथे तेल जुनं झालं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. तेल उकळलं, वाफ झाली, पेडल मऊ. थंड झाल्यावर वाफ विरते आणि पुरावाही!

आणि पेडल दगडासारखं कडक झालं तर? तो वेगळा दोष. जोर वाढवणारा बूस्टर मदत करत नाही, असा त्याचा अर्थ. काही नव्या गाड्यांत पायाला जाणवणारा विरोध वेगळ्याच यंत्रणेतून येतो. तिथे पायाची साक्ष पुरत नाही, संगणकातले दोष-संकेत वाचावे लागतात.

इलेक्ट्रिक गाडीत खरा धोका निराळाच. मोटर बरंचसं काम करते म्हणून पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत, आणि 'पॅड नवे आहेत, म्हणजे ब्रेक ठीक' असा निष्कर्ष आपण काढतो. हा हेत्वाभास झाला. पॅड वापराने झिजतात. तेल काळाने बिघडतं. न वापरल्यामुळे कॅलिपरच्या पिना अडकतात, डिस्कला गंज चढतो. म्हणून तेल किलोमीटर पाहून नव्हे, तारीख पाहून बदलायचं. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

दुरुस्तीही तशीच विचारपूर्वक. तेल सीलबंद डब्यातलंच, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं. कोणत्या चाकापासून हवा काढायची, तो क्रमही तिथलाच. काम चालू असताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर नवी हवा शिरते. एबीएसच्या आत अडकलेली हवा नुसतं पेडल मारून निघेलच असं नाही. स्कॅनर लावून त्याचा पंप चालवावा लागतो. इलेक्ट्रिक बूस्टर असेल, तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी, कारण दार उघडल्यावरही ती जागी होऊन दाब निर्माण करू शकते. हे काम शिकलेल्या हाताचं आहे. पण तुम्ही गॅरेजमध्ये 'ब्रेक बघा' एवढंच सांगण्याऐवजी 'धरून ठेवलं की पेडल बसतं, तेल मात्र कमी होत नाही' असं सांगितलंत, तर अर्धं निदान तिथेच झालं.

शेवटी एवढंच. ज्या चाचणीत दोष दिसला, तीच चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा घ्यायची. बिल भरलं म्हणून दोष गेला, असं होत नाही. अर्धा मिनिट धरूनही पेडल जागचं हललं नाही, मगच रस्त्यावर यायचं. तेही आधी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात. घाट त्यानंतर.