कळते, पण वळत नाही

३० जुलै २०१२ रोजी रात्री अडीचच्या सुमारास साऱ्या उत्तर भारताची वीज गेली. ती पूर्ववत होते न होते तोच ३१ तारखेस दुपारी एकच्या सुमारास उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतही ठप्प झाला. दिल्लीची मेट्रो खोळंबली, शेकडो आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, बंगालच्या कोळसाखाणींत मजूर अडकले. सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशावर हा प्रसंग ओढवला तो बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीमुळे. वस्तुतः तिच्यात बिघाड नव्हताच! अन्य काही वाहिन्या बंद असल्याने तिच्यावर भार इतका चढला की, संरक्षक रिलेने त्यालाच बिघाड मानून ती तोडली. आणि दोन्ही दिवशी हेच घडले.

२००३ च्या १४ ऑगस्टला अमेरिका व कॅनडातील ५ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ओहायोतील नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक-प्रणालीच मुकी झाली होती. तंत्रज्ञांना संकट दिसलेच नाही. आपल्याकडे ते दिसत होते. विभागीय भार प्रेषण केंद्रे राज्यांना सांगत होती, की उत्तरेने उचल कमी करावी, पश्चिमेने जादा वीज लोटू नये. चौकशी समितीने नोंदविले ते हेच, की या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. (आपल्याकडचे दिवे त्या दिवशी लागले होते, म्हणून पश्चिम विभागाने हात झटकण्याचे कारण नाही.) वारंवारता घसरताच भार आपोआप तोडणारे रिलेही राज्यांनी बसवावयाचे होते, त्यांनीही ऐनवेळी पुरेशी साथ दिली नाही.

त्यानंतर सेकंदाला अनेकवार मोजमाप घेणारी उपकरणे आली, ग्रिडचे नियम कडक झाले. निर्णयास साहाय्य करणारी अशी साधने हवीतच. पण पडद्यावर धोका पाहणारा एक, आणि भार कमी केल्यावर ग्राहकांचा रोष झेलणारा दुसरा, ही विभागणी संगणकाने कशी मिटावी? पाऊस लांबलेला, शेतात पंप चालू, अशा वेळी वीज तोडणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी त्याचे सरकार उभे राहते काय?

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणही याच जाळ्यात आली. आता एका राज्याने न ऐकलेल्या सूचनेची झळ थेट कन्याकुमारीपर्यंत पोहोचू शकते.