प्रार्थनेची शाळा : लेखांक ६
वाणी क्षणाची, पडताळा वर्षांचा

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या चौकात संध्याकाळी बसून पाहा. हा बाजार पायी फिरणाऱ्यांसाठी आखलेला, त्यामुळे गाड्या लांब राहतात. पण फुगेवाले, दुकानांतली गाणी, पोरांचा कल्ला यांना तोटा नाही. ‘अशा गलबल्यात देवाची वाणी ऐकू यायची कशी?’ असं अनेक जण विचारतात. पण शांत खोलीत बसलं तरी मन बोलायचं थांबत नाही. ऐकू आलं ते देवाचं की आपल्याच मनाचं, हे ओळखताना खरं घोडं अडतं.

या प्रश्नाचं एक उत्तर याच मुलखात आहे. आजच्या लुधियाना जिल्ह्यातल्या रामपूर गावी १८८९ साली शीख घराण्यात सुंदरसिंग जन्मला. आई गेल्यावर हा मुलगा सैरभैर झाला. रागाच्या भरात त्याने शुभवर्तमानाची प्रत जाळली. डिसेंबर १९०४ मध्ये एका पहाटे त्याने निर्वाणीची प्रार्थना केली : देव असेल तर मार्ग दाखव, नाहीतर मी रुळावर डोकं ठेवतो. त्या पहाटे आपल्याला येशूचं दर्शन झालं, असं तो पुढे सांगे. बाप्तिस्मा मात्र त्याने शिमल्यात घेतला तो ३ सप्टेंबर १९०५ ला, सोळाव्या वाढदिवशी. मधले महिने घरचा विरोध सोसण्यात गेले, आणि तरीही ती साद विरली नाही.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांचंही असंच झालं. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. पंडिता रमाबाईंना तर आणखी वेळ लागला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण ख्रिस्ती धर्म मिळूनही खुद्द ख्रिस्त भेटायला पुढे आठेक वर्षं लागली, अशी साक्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

म्हणून मनात काही उमटलं की तीन गोष्टी तपासाव्यात. ते पवित्र शास्त्राशी जुळतं का? मंडळीतल्या जाणत्या माणसापुढे ते मोकळेपणाने मांडता येतं का? आणि त्याने आपलाच मोठेपणा वाढतो, की पाय दुसऱ्याच्या दाराकडे वळतात? सुंदरसिंगाचे पाय सबाथूच्या कुष्ठरोग्यांकडे वळले; रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा दिला.

रात्री देवाची हाक आली तेव्हा बाल शमुवेलही तीनदा चुकून एली याजकाकडेच धावला. हाक कोणाची हे एलीने ओळखून दिलं, तेव्हा चौथ्या वेळी त्याने नीट ओ दिली. आणि त्या रात्री मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा होता. देवाची वाणी सोयीचंच बोलेल असं नाही. नेहमी आपल्या मनासारखंच ऐकू येत असेल, तर सावध व्हावं.

या आठवड्यात पहिले शमुवेल, अध्याय ३ सावकाश वाचा. जे उमटेल ते तारीख घालून वहीत लिहा, आणि मोठा निर्णय घेण्याआधी पाळकांशी किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसाशी बोला. घाई करू नका. देवाचं असेल ते महिन्याभरानेही तितकंच खरं असेल.